ड्रम मोजू नका, पाचोळा मोजा

प्रति,
राज्यात नैसर्गिक शेती अभियान राबवणारे कृषी विभागाचे अधिकारी,
कृषी विद्यापीठांतले शास्त्रज्ञ आणि कृषी विज्ञान केंद्रांतली मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मी डहाणू तालुक्यातला वाडीवाला. चिकूची बाग, कडेने नारळ आणि पावसाळ्यात दोन खाचरांत भात, एवढा माझा पसारा. विषय माझ्या एकट्याचा नाही, म्हणून अर्ज न करता उघडपणे लिहितो आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. २,४८१ कोटी रुपये, साडेसात लाख हेक्टर, एक कोटी शेतकरी, जैविक निविष्ठा, म्हणजे शेण-पाल्यापासूनची खतं-औषधं, पुरवणारी दहा हजार केंद्रं, असे आकडे तेव्हा जाहीर झाले. वाचून मनापासून बरं वाटलं. रासायनिक खतांच्या अनुदानावर वर्षाला लाख कोटींच्या वर खर्च करणारं सरकार या बाजूला वळलं, ही लहान गोष्ट नाही. पण अभियान गावात उतरतं तेव्हा त्याचं काय होतं ते मी बांधावर उभा राहून पाहतो आहे. ते पाहताना मला सारखी एका शेतकऱ्याची आठवण येते: भास्कर सावे, लोकांचे भास्करभाई.

तुमच्यापैकी बहुतेकांना हे नाव ठाऊक आहे. प्रशिक्षणाच्या सादरीकरणात त्यांचा फोटो असतो, खाली ‘नैसर्गिक शेतीचे गांधी’ अशी ओळ असते आणि पुढच्या स्लाइडवर जीवामृताची, म्हणजे शेण-गोमूत्राच्या द्रावणाची, कृती सुरू होते. माझं सगळं म्हणणं या दोन स्लाइडच्या मधल्या जागेविषयी आहे. फोटोतल्या माणसाने आयुष्यभर जे केलं आणि पुढच्या स्लाइडवर आम्हाला जे करायला सांगितलं जातं, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध उरलेला नाही.

सावे यांचा जन्म २७ जानेवारी १९२२ चा, देहरी गावचा. देहरी आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, उंबरगाव तालुक्यात येतं. १९६० साली राज्यं वेगळी होईपर्यंत तो मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. बोर्डी, झाई ओलांडून पुढे गेलं की तीच माती, तोच धो धो पाऊस, तीच खारी हवा. म्हणून नैसर्गिक शेतीच्या जपानच्या किंवा आंध्रच्या दाखल्यापेक्षा हा दाखला मला जवळचा वाटतो. आमच्या हवेत हे जमत नाही, असं इथे कोणी म्हणू शकत नाही.

घरची शेती पावसाळी भाताची, मागाहून कडधान्यं आणि थोडा भाजीपाला. सावे दहाएक वर्षं शाळामास्तर होते. पन्नासच्या दशकात रासायनिक खत आपल्या भागात नवीन होतं. सावे यांनी ते हौसेने घेतलं. इतकं, की ते खताचे एजंट झाले, आसपासच्या शेतकऱ्यांना वापर शिकवू लागले आणि आदर्श शेतकरी म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवू लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण नैसर्गिक शेतीवाला म्हटला की तो विज्ञानाला बिचकणारा माणूस, असा समज खात्यात अजून आहे. सावे यांनी खत वापरलं, विकलं, त्याचा हिशेब मांडला आणि मग सोडलं. तेवढंच पीक काढायला दरसाल जास्त खत लागत होतं, आणि वाढीव उत्पन्नातला वाढता हिस्सा खतात, औषधात, मजुरीत परत जात होता. गांधी-विनोबांचा संस्कार झालेल्या माणसाला यात नफा नेमका कोणाचा, हा प्रश्न पडणारच.

आता लक्ष द्यावं अशी गोष्ट. रासायनिक खत सोडल्यावर त्यांनी त्याच्या जागी दुसरं खत आणून बसवलं नाही. त्यांनी कामं कमी करत नेली. नांगरट, खत, तण, पाणी आणि फवारणी या शेतकऱ्याच्या पाच काळज्या. त्यातली एकेक घेऊन ती मुळात कशासाठी, असं ते विचारत गेले. माती भुसभुशीत करायचं काम गांडूळ आणि मुळं करत असतील तर नांगर कशाला? तण जमीन झाकून ठेवत असेल तर फुलोऱ्याआधी कापून तिथेच पसरावं, उपटून टाकायचं कशाला? बागेत कीड खाणारे पक्षी, कोळी, मुंग्या नांदत असतील तर पंप खांद्यावर घ्यायचा कोणासाठी? या प्रश्नांची उत्तरं त्यांनी पुस्तकात शोधली नाहीत, स्वतःच्या जमिनीवर वर्षानुवर्षं पाहून काढली.

त्यांच्या शेताचं नाव ‘कल्पवृक्ष’. चौदा एकर. त्यातली बरीचशी मिश्र बाग, मुख्यतः नारळ आणि चिकू, मधूनमधून इतर फळझाडं; दोनेक एकरांत घरापुरतं धान्य, त्यात नवाबी कोलमसारखं उंच वाढणारं देशी भात; आणि एका बाजूला नारळाची रोपवाटिका. शनिवारी दुपारी पाहुण्यांना शेत खुलं असे. आमच्याकडून कितीतरी वाडीवाले जाऊन आले आहेत, मीही.

त्या बागेत शिरलं की पहिलं जाणवतं ते पायाखालचं. चपलेला माती लागतच नाही. चिकूचा पाला, वाळलेल्या झावळ्या, नारळाची सोडणं, कापून टाकलेलं गवत, सगळं जिथे पडलं तिथेच. वरचा थर हाताने सारला की खाली अर्धवट कुजलेला, पांढऱ्या बुरशीचे धागे पसरलेला थर लागतो, आणि त्याखाली काळी, दाणेदार, ओलसर माती. ती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोकरला की भुगा होऊन सुटतो. उन्हाळ्यातही तिथे बोट सहज आत जातं. बांधापलीकडच्या उघड्या जमिनीवर त्याच दिवसांत पहारीचा टोला आपटून परत येतो. ऊन खाली पोचतं ते कवडशांपुरतंच.

पाण्याची गोष्ट तर आमच्या वाडीवाल्यांनी आणि तुम्हीही नीट समजून घ्यावी अशी आहे. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या खोडाभोवती आळं करून पाणी तुडुंब भरतात. सावे यांच्या बागेत झाडांच्या ओळी उंचवट्यावर आणि पाणी ओळींमधल्या चरात. त्यांचं सांगणं असं, की अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं झाडाच्या घेराच्या कडेला असतात. खोडाशी पाणी तुंबलं तर मुळं गुदमरतात आणि बुरशीचं फावतं. झाडाला पाणी नको असतं, ओल हवी असते, आणि ओलीइतकीच मातीत हवाही लागते. म्हणजे जमीन कायम वाफशावर राहिली पाहिजे. ते राखायचं तर चरात पाचोळा हवा, वर सावली हवी आणि पाणी देण्याचा हात आखडता हवा. डहाणूत चिकूला पावसाळ्यात बुरशीची फळगळ लागते, बी पोखरणाऱ्या अळीने तर कित्येकांनी हात टेकले आहेत. अशा वेळी आमच्यापर्यंत येतो तो फवारणीचा तक्ता. आळ्यात पाणी किती आणि कुठे, जमिनीवर पाला आहे की नाही, हे कोणी विचारत नाही.

आणि नवी बाग उभी करायची त्यांची रीत. नारळाची रोपं कमरेएवढी असताना मधली जागा मोकळी पडू द्यायची नाही. तिथे आधी अल्पजीवी पिकं: कडधान्यं, भाजीपाला. त्यांच्या जोडीने केळी, पपई, शेवगा अशी मध्यमजीवी झाडं, आणि या सगळ्यांच्या आडोशाला दीर्घजीवी झाडं वाढत राहायची. पहिल्या वर्षापासून काही ना काही विकायला निघतं, जमीन झाकलेली राहते, आणि मोठी झाडं हाताशी येतात तेव्हा लहानांचं काम संपलेलं असतं. बाग फळायला लागेपर्यंत खायचं काय, हा प्रश्न अनुदानावाचून सोडवण्याचा हा मार्ग आहे. तो एका मास्तरने शोधून, राबवून दाखवला, आणि तो शेतात जाऊन कोणालाही पाहता येतो.

या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्व होतं. माणसाचा हक्क फळावर आणि बियांवर. झाड जेवढं काही बनवतं त्यात तो वाटा फार तर पाच ते पंधरा टक्के. उरलेलं सगळं जमिनीचं, ते जमिनीला परत गेलं पाहिजे. आमच्याकडे उलटं आहे. वाडी झाडून लख्ख ठेवण्यात प्रतिष्ठा. पाला गोळा करून पेटवायचा, आणि मग तालुक्याच्या दुकानातून सेंद्रिय खताची पोती विकत आणायची. त्या धुरात दरवर्षी किती खत जातं, याचा हिशेब एकाही योजनेत मला सापडलेला नाही.

आता अभियानाकडे येतो.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीचे चार खांब सांगितले: बियाण्याला चोळायचं बीजामृत, मातीत घालायचं जीवामृत, जमिनीवर पाल्याचं आच्छादन आणि मातीतली ओल-हवा राखणारा वाफसा. पाळेकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली आणि सरकारी कार्यक्रमांच्या मांडणीवर त्यांचा मोठा ठसा आहे. पण गावात पोचेपर्यंत चारांतले दोनच खांब उरतात. बीजामृत आणि जीवामृत. कारण उघड आहे. त्यांना ड्रम लागतो, बादली लागते, गूळ आणि बेसन लागतं, त्याचं बिल होतं, ड्रमशेजारी शेतकऱ्याला उभं करून जिओ-टॅग फोटो काढता येतो. आच्छादनाचं बिल होत नाही. वाफशाचा फोटो निघत नाही. सावे यांचं सगळं आयुष्य या मागे राहिलेल्या दोन खांबांत गेलं.

जीवामृताशी माझं भांडण नाही. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर बांधावरची माती आणि दोनशे लिटर पाणी, एवढ्यात एका एकराचं काम होतं, मीही घालतो. पण ते घालायचं कशावर? उघड्या, उन्हाने तापलेल्या, पाला जाळून साफ केलेल्या जमिनीवर ते ओतणं म्हणजे चूल-सरपण नसलेल्या घरी आचारी पाठवण्यासारखं आहे. जिवाणूंना खायला कुजणारं काही हवं, राहायला ओल हवी. ते नसेल तर एका हंगामात काही फरक दिसत नाही, शेतकरी म्हणतो हे थोतांड आहे, आणि पुढच्या हंगामात युरियाच्या रांगेत उभा राहतो. त्याला दोष देता येणार नाही. त्याला अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

एक प्रसंग सांगतो. माझ्या ओळखीच्या एक ताई अभियानाच्या गटात नाव नोंदवून दोन एकर करतात. त्यांनी भाजीच्या सगळ्या वाफ्यांवर भाताचा पेंढा आणि बांधावरचं गवत वीतभर जाडीने पसरलं होतं, वांग्यांच्या मधे चवळी लावली होती, पाण्याच्या पाळ्या निम्म्यावर आणल्या होत्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, निविष्ठा कोणत्या घेतल्या, बिलं कुठे आहेत. बिलं नव्हती, कारण विकत काही घेतलंच नव्हतं. ताईंच्या नावापुढे ‘निरंक’ असा शेरा पडला. शेजारच्या शेतात निळा ड्रम होता, त्यात शेवाळ धरलं होतं, आणि तिथे रकाना भरला गेला. साहेब वाईट नव्हते. त्यांच्या हातातल्या तक्त्यात पेंढ्याला जागाच नव्हती. मला त्या तक्त्याचा राग आहे, आणि तो तक्ता बदलणं तुमच्या हातात आहे.

दुसरी अडचण मुदतीची. अभियानाचा तो निधी २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी मंजूर झाला होता. आमचा बाणवली नारळ लावला तर पहिलं फळ यायला सहा-सात वर्षं जातात आणि झाड ऐंशी-शंभर वर्षं जगतं. कालीपत्ती चिकूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळं दाखवतं, पण भरात यायला आणखी तेवढीच वर्षं लागतात. जमीन सुधारायचा काळ याहून कमी नाही. योजना आर्थिक वर्षाच्या मापाने आखली की तिच्यात वर्षभरात दाखवता येईल अशाच गोष्टी उरतात. मग झाडं मागे पडतात आणि ड्रम पुढे येतात. खातं ड्रम का मोजतं, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

शास्त्रज्ञ मंडळींशी थोडं वेगळं बोलायचं आहे.

सावे यांच्या बागेविषयी छापून आलेले आकडे थक्क करणारे आहेत. नारळाच्या एकेका झाडाला वर्षाला साडेतीनशे-चारशे नारळ, चिकूच्या झाडाला तीनशे किलो फळ. बाणवलीचं सरासरी उत्पन्न तुमच्याच पुस्तिकांत ऐंशी ते शंभर नारळ दिलेलं असतं. एवढा फरक असेल तर देशाच्या प्रत्येक नारळ संशोधन केंद्राने देहरीत मुक्काम ठोकायला हवा होता. आणि आकडे फुगलेले असतील तर तेही मोजूनच सांगायला हवं होतं. बाग राज्याच्या सीमेला लागून आहे. सावे नव्वदीपर्यंत तिथे बसून येईल त्याला समजावत होते. नैसर्गिक शेती करणारे जपानचे मासानोबु फुकुओका ही बाग पाहून गेले आणि आपल्या शेतापेक्षा ती सरस असल्याचं म्हणाले, असं सांगतात. आयफोम या सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाने २०१० साली सावे यांना जीवनगौरव दिला. पाहुणे येऊन गेले, सन्मान झाले. मला हवं आहे ते दुसरंच: माती, पाणी, उत्पन्न आणि मजुरी यांची वीस-तीस वर्षांची, कोणालाही तपासता येईल अशी सलग नोंद.

अशी नोंद ठेवणं अशक्य आहे असं म्हणू नका. इंग्लंडमध्ये रोथामस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. आपल्याकडेही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून दीर्घ मुदतीचे खतांचे प्रयोग चालवले आहेत, आणि रासायनिक खत एकटंच देत राहिलं तर जमिनीचं काय होतं हे त्या प्रयोगांनीच दाखवून दिलं. मग नांगरट नसलेली, पाला न उचललेली मिश्र बाग तेवढ्याच चिकाटीने का मोजू नये? दापोलीच्या विद्यापीठाला पन्नासहून अधिक वर्षं झाली. रत्नागिरीजवळ भाट्याला नारळाचं संशोधन केंद्र आहे, आमच्या उशाशी कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. एकेक एकर जमीन पंचवीस वर्षांसाठी बाजूला काढा आणि तिच्यात कोणी काय करायचं नाही, हे लिहून ठेवा. नव्या बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला ती साफ करून घ्यायचा मोह होणार नाही, एवढी फक्त काळजी घ्या.

सावे यांनी स्वतः २००६ साली असंच एक खुलं पत्र लिहिलं होतं, डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना. ते तेव्हा राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दिवस होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या शेतकऱ्याने हरितक्रांतीच्या जनकाला सरळ विचारलं होतं, की या जमिनीचं आणि पाण्याचं तुम्ही काय करून ठेवलंत. भाषा कडक होती. स्वामिनाथन यांनी त्याची आदराने दखल घेतली. दोघंही आता नाहीत; सावे २४ ऑक्टोबर २०१५ रोजी गेले, स्वामिनाथन २०२३ मध्ये. हरितक्रांतीने साठ-सत्तरच्या दशकात देशाची भूक भागवली, हे मी मानतो. म्हणून त्या पत्रातलं सगळंच मला जसंच्या तसं पटतं असं नाही. पण पाणी पिणाऱ्या पिकांविषयी, झाडांच्या तुटवड्याविषयी आणि मातीतल्या संपत चाललेल्या सेंद्रिय अंशाविषयी त्यात जे लिहिलं आहे, ते आज तुमच्याच मृदा आरोग्य पत्रिकांवर लाल शाईत उमटतं आहे.

बैठकीत दोन शंका हमखास निघतात, त्यांबद्दलही लिहितो. पहिली श्रीलंकेची. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. तो हुकूम होता. हुकमाने जमीन सुधारत नाही. सावे यांचा रस्ता बरोबर उलटा: स्वतःच्या जमिनीपासून, पाहत पाहत, वर्षांच्या हिशेबाने. दुसरी शंका कोरडवाहूची. कोकणपट्टीत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, विहिरीला पाणी आहे, ते बीडला किंवा साताऱ्याच्या माण तालुक्यात कुठून आणणार? ही शंका रास्त आहे. कल्पवृक्षाची नक्कल तिथे होणार नाही आणि कोणी करूही नये. पण जमीन झाकून ठेवणं, बांधावर झाडं उभी राहू देणं, काडीकचरा न जाळणं, पिकांची सरमिसळ, यांना जास्त पावसाची गरज नसते. उलट जिथे पाऊस कमी तिथे उघडी जमीन सगळ्यात महाग पडते. तिथली पिकं आणि तिथली झाडं तिथल्याच लोकांकडून शिकावी लागतील.

आणखी एक गोष्ट मनात सलते आहे, तीही बोलून टाकतो. आमच्या भागातून महामार्ग गेला, मालगाड्यांची मार्गिका गेली, बुलेट ट्रेन जाते आहे. वाडी संपादनात गेली की पंचनाम्यात झाडं मोजतात: चिकू इतके, नारळ इतके, आंबे इतके. त्यांचं मोल लावतात. पन्नास वर्षं पाचोळा कुजवून तयार केलेल्या मातीला त्यात एकही ओळ नसते. झाकलेली वाडी आणि लख्ख झाडलेली वाडी, दोन्हींचा दर एकच. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते इथल्या चुनखडीयुक्त मातीच्या गुणामुळे आलेल्या गोडीसाठी. ज्या मातीच्या नावाने फळ विकायचं, तिची किंमत सरकारी कागदावर शून्य. मग नव्या पिढीने वाडी विकून तिथे फार्महाउस होऊ दिलं तर तिला काय सांगायचं?

मागण्या फार नाहीत, आणि त्यांना पैसाही फार लागणार नाही.

तपासणीच्या तक्त्यात निविष्ठांच्या आधी जमीन येऊ द्या. मे महिन्यात किती जमीन झाकलेली आहे, पाला जाळला की ठेवला, एका चौरस फुटात, वीतभर खोलीपर्यंत गांडुळं किती, विहिरीचं पाणी कितव्या महिन्यापर्यंत पुरलं. यातलं काहीही पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, कृषी सहायक एका दुपारी दहा शेतं पाहू शकतो. तो आज पाच योजनांचे फोटो चढवण्यात पिचून गेलेला असतो हेही मला माहीत आहे. त्याच्यावरचं ते ओझं कमी केल्याशिवाय तो जमिनीकडे पाहणार कधी? गटाला एकदम शंभर टक्के जमीन वळवायला लावू नका, पहिल्या वर्षी चौथा हिस्सा पुरे. पाला, पेंढा, गवत यांना निविष्ठा म्हणून मान्यता द्या, म्हणजे ताईंच्या नावापुढे परत निरंक लागणार नाही. फळबाग लागवडीच्या योजनेत मिश्र लागवडीला जोडपिकांसकट मंजुरी द्या, आज एका ठरावीक अंतरावर एकाच जातीची झाडं दिसली की सगळ्यांना बरं वाटतं. आणि प्रशिक्षण सभागृहात घेऊ नका. सावे यांच्या कुटुंबीयांनी देहरीची शेती सांभाळली आहे. तिथे रीतसर विचारून जा, शेतकऱ्यांना बसमधून उतरवा, चपला काढायला सांगा आणि तासभर कोणी भाषण करू नका.

मोजणीसाठी जमीन लागेल ती मी देतो. पावसाळ्याआधी आमच्या पट्ट्यातल्या पाच वाड्यांमधून मातीचे नमुने घ्या, निदान दोन झाडलेल्या आणि दोन झाकलेल्या. पाचवी माझी धरा. विहिरीच्या पाण्याची पातळी, चिकूच्या पेट्यांचा हिशेब आणि पंपाची वीजबिलं माझ्याकडे लिहून ठेवलेली आहेत, ती झेरॉक्स करून देईन. येताना नमुन्याच्या पिशव्या आणि पहार आणा. बाकी चहापाण्याचं मी पाहतो.

आपला,
डहाणू तालुक्यातला एक वाडीवाला